येर्बा माते : एका पानावर चाललेला चारशे वर्षांचा खटला

१/ १६३९ साली माद्रिदमध्ये एक स्पॅनिश ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याचा कर्ता आंतोनियो रुईस दे मोंतोया हा लिमा येथे जन्मलेला जेझुइट धर्मोपदेशक. दक्षिण अमेरिकेतील ग्वारानी लोकांमध्ये त्याच्या आयुष्याची कित्येक वर्षे गेली होती. पाराग्वे प्रांताच्या अरण्यातील एका झाडाच्या पानांविषयी लिहिताना तो एक साक्ष नोंदवतो : त्या पानांच्या तोडणीवर मेलेल्या माणसांच्या हाडांचे मोठमोठे ढीग त्याने रानात स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते.

२/ पान विषारी नव्हते. लोक ते पाण्यात भिजवून मिटक्या मारीत पीत होते. आजही अर्जेंटिना, उरुग्वे, पाराग्वे आणि दक्षिण ब्राझीलमध्ये कोट्यवधी लोकांचा दिवस त्यानेच उजाडतो. हे पेय प्रकृतीला हितकर की अपायकारक, हा वाद मात्र चार शतके चालला. धर्मगुरू, गव्हर्नर, रसायनशास्त्रज्ञ, कर्करोगतज्ज्ञ असे सगळे त्यात साक्षीला आले. त्या वादाचा हा इतिहास. #थ्रेड #इतिहास

३/ प्रथम झाडाची ओळख. शास्त्रीय नाव ‘इलेक्स पाराग्वारिएन्सिस’. ते १८२२ मध्ये फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ ओग्युस्त द सेंत-इलेर याने दिले. आपल्या चहाच्या झाडाशी याचे काडीचेही नाते नाही. हे कुळच वेगळे. तरीही दोहोंच्या पानांत कॅफिन असते. आपल्याकडे ‘चहा’ म्हणवणाऱ्या कितीतरी वनस्पती आहेत, पण गवती चहात कॅफिन नसते. वनस्पतिजगतात कॅफिन तयार करणारी झाडे मोजकीच, त्यांपैकी हे एक.

४/ ग्वारानी भाषेत या पानाचे नाव ‘काआ’. स्पॅनिशांनी त्याला ‘येर्बा’, म्हणजे नुसतीच ‘वनस्पती’, म्हटले. ‘माते’ हा शब्द तिसऱ्याच भाषेतला : केचुआ भाषेत ‘माती’ म्हणजे तुंबा. मराठी कानाला ती आईची हाक वाटेल, पण मूळ अर्थ सुकवलेल्या भोपळ्याचे भांडे एवढाच. पानांचा चुरा तुंब्यात भरायचा, वरून पाणी ओतायचे आणि तळाशी गाळणी असलेल्या नळीने, ‘बोंबिया’ने, ओढायचे. पाणी संपले की पुन्हा ओतायचे. तुंबा एकच, आणि तो बसलेल्या मंडळींत हातोहात फिरतो.

५/ १५३७ मध्ये स्पॅनिशांनी असुन्सिओन वसवले. तेथे ना सोने होते ना चांदी. होती ती ग्वारानी माणसे आणि ईशान्येकडच्या रानातील ही पाने. शतक संपता संपता असुन्सिओनमधले स्पॅनिश पुरुष, स्त्रिया, मुले सारेच काआ पिऊ लागले होते. जित लोकांची सवय जेत्यांना लागली, आणि तेथूनच खटल्याला आरंभ झाला.

६/ पहिला आरोप नैतिक होता. हे पेय माणसाला आळशी करते, व्यसनी करते, कर्जबाजारी करते, असे वसाहतीतील अधिकारी लिहीत. सुरुवातीच्या नोंदींत भरपूर येर्बा पिऊन मुद्दाम वांती करण्याच्या रीतीचाही उल्लेख येतो आणि तो अर्थातच किळसेने केलेला असतो. ग्वारानी वैदू व मांत्रिक विधींत हे पान वापरीत, त्यामुळे पाद्र्यांना त्यात सैतान दिसला. १६१० मध्ये जेझुइटांच्या पाराग्वे प्रांताचा प्रमुख दिएगो दे तोर्रेस याने लिमाच्या इन्क्विझिशनकडे येर्बाविरुद्ध तक्रार धाडली. गोव्याच्या इतिहासामुळे इन्क्विझिशन म्हणजे काय हे मराठी वाचकाला वेगळे सांगावे लागू नये. तेथील धर्मन्यायालय पोर्तुगीजांचे, लिमाचे स्पेनचे.

७/ १६१६ मध्ये गव्हर्नर एर्नांदारियास याने येर्बावर बंदी घातली. हा स्वतः असुन्सिओनमध्ये जन्मलेला, म्हणजे या व्यसनाच्या माहेरघरचाच. बंदी टिकली नाही. पेरूकडील चांदीच्या खाणींचे शहर पोतोसी, चिली, पुढे कितो, सगळीकडून मागणी येत होती, आणि ज्या प्रांताकडे विकायला दुसरे फारसे काही नाही तो प्रांत आपले एकमेव पीक किती दिवस जाळणार?

८/ या गदारोळात एक वेगळा आवाज होता. १६११ मध्ये फ्रान्सिस्को दे आल्फारो या न्यायाधिकाऱ्याने पाराग्वेसाठी नियम केले. मूळ रहिवाशांकडून सक्तीने सेवा घेण्यावर त्यांत निर्बंध होते आणि त्यांना येर्बाच्या रानात धाडण्यावरही. आल्फारोला पेयाच्या नीतिमत्तेत रस नव्हता. माणसे मरत आहेत एवढेच तो पाहत होता. असुन्सिओनच्या जमीनदारांनी त्याचे नियम जवळजवळ धाब्यावर बसवले.

९/ ती मरत होती कशाने? झाड रानात विखुरलेले, वस्तीपासून आठवडेच्या आठवडे दूर. फांद्या तोडायच्या, आगीच्या ज्वाळेवरून झरझर फिरवायच्या, मग लाकडी मांडवावर पसरून खालच्या विस्तवाने वाळवायच्या, कुटायच्या, कातड्याच्या पिशव्यांत ठासून भरायच्या आणि पाठीवर लादून नदीपर्यंत आणायच्या. रान दलदलीचे, डासांचे. अन्न मिळेल ते : कंदमुळे, रानफळे, साप. मोंतोयाने पाहिलेले हाडांचे ढीग याच वाटांवरचे.

१०/ येथे एक विसंगती लक्षात घेण्याजोगी आहे. येर्बा पिणाऱ्यांची कीर्ती अशी की ती भूक मारते, थकवा घालवते, कामाला हुरूप आणते. आज त्याचे श्रेय कॅफिनला दिले जाईल. परंतु अर्धपोटी माणसाची भूक मारून त्याला ओझे वाहायला लावणारे पान मालकाच्या दृष्टीने औषध आणि मजुराच्या दृष्टीने काय, हा प्रश्न त्या काळच्या वैद्यकीय चर्चेत शोधूनही सापडत नाही. पान तोडणाराही तेच पान पीत होता.

११/ आता नाट्याचा दुसरा अंक. ज्या जेझुइटांनी या पानात सैतान पाहिला, तेच काही दशकांत त्याचे सर्वांत निष्णात उत्पादक झाले. ग्वारानींसाठी त्यांनी वसवलेल्या गावांना, म्हणजे ‘रेदुक्सिओन’ना, राजाला दरडोई एक पेसो कर भरावा लागे. तो चांदीत आणायचा कोठून? येर्बा विकून. १६४५ मध्ये विक्रीची परवानगी मिळाली. पुढे असुन्सिओनच्या व्यापाऱ्यांनी ओरड केली तेव्हा १६७९ च्या राजाज्ञेने वर्षाला १२,००० अरोबांची मर्यादा पक्की केली. अरोबा म्हणजे साधारण साडेअकरा किलो. एकूण माल १३८ टनांच्या आसपास. शिवाय मद्यापेक्षा तुंबा बरा, हा व्यवहारी विचारही होताच.

१२/ त्यांनी दोन गोष्टी केल्या. पहिली, काड्या वगळून निव्वळ बारीक पानांची ‘काआमिनी’ नावाची उंची प्रत काढली. तिला बाजारात चढा भाव मिळे. दुसरी गोष्ट अधिक मोलाची : १७०० च्या सुमारास त्यांनी गावांजवळ येर्बाच्या बागा उभारल्या. जे झाड आजवर फक्त रानात सापडे ते दाराशी आले. आठवड्यांची पायपीट टळली.

१३/ हे वाटते तितके सोपे नव्हते. येर्बाचे बी कठीण कवचाचे, आणि फळ पिकून गळते तेव्हाही आतला गर्भ अपक्वच असतो. नुसते मातीत टाकले तर बहुतेक बिया उगवतच नाहीत. रानात पक्षी फळे खातात, बी त्यांच्या पोटातून जाते, मग रुजते. रेदुक्सिओनांमधील जेझुइट व ग्वारानी माळ्यांनी ही अडचण सोडवली. श्रेय सहसा पहिल्यांनाच दिले जाते, यात नवल नाही.

१४/ १७३२ मध्ये या तीस गावांची लोकसंख्या १,४१,००० च्या घरात होती. त्या गावांतील जीवन स्वर्गीय होते असे म्हणण्याचे कारण नाही. शिस्त कडक, फटक्यांची शिक्षा होती, साथी येत आणि हजारोंनी माणसे नेत. पण येर्बापुरते बोलायचे तर बागेतील तोडणी आणि रानातील तोडणी यांत जीवनमरणाचे अंतर होते.

१५/ १७६७ मध्ये स्पेनच्या राजाने आपल्या साऱ्या मुलखांतून जेझुइटांना हाकलले. गावे ओस पडत गेली, बागांवर रान चढले आणि बी रुजवण्याची विद्याही हरपली. पुढची सव्वाशे वर्षे येर्बाचा व्यापार पुन्हा रानातील झाडांवर, म्हणजेच रानात धाडलेल्या माणसांच्या पाठीवर, उभा राहिला. ज्ञान हरवले की त्याची किंमत कोण भरते, याचा असा उघड हिशेब इतिहासात क्वचित मिळतो.

१६/ ती विद्या परत मिळवू पाहणाऱ्या एका माणसाची गोष्ट कादंबरीत शोभावी अशी आहे. एमे बोंप्लां हा हंबोल्टच्या प्रसिद्ध दक्षिण अमेरिका प्रवासातील सहकारी, पुढे सम्राज्ञी जोसेफीनच्या माल्मेझों येथील उद्यानांचा अधिकारी. नेपोलियनच्या पतनानंतर तो अर्जेंटिनाला आला आणि जुन्या रेदुक्सिओनांच्या प्रदेशात, पाराना नदीकाठी सांता आना येथे, येर्बाची लागवड करू लागला. नदीपलीकडे पाराग्वे होता, आणि पाराग्वेत होता हुकूमशहा फ्रान्सिया.

१७/ येर्बा हे पाराग्वेचे हुकमी पीक. ते पलीकडच्या तीरावर लागवडीत आले तर? डिसेंबर १८२१ मध्ये फ्रान्सियाचे सैनिक नदी ओलांडून गेले, बोंप्लांच्या माणसांपैकी काहींना ठार केले आणि त्याला बेड्या घालून घेऊन आले. १८२३ मध्ये खुद्द सिमोन बोलिव्हारने त्याच्या सुटकेसाठी पत्र लिहिले. उपयोग झाला नाही. १८२९ पर्यंत हा जगप्रसिद्ध शास्त्रज्ञ पाराग्वेच्या एका खेड्याभोवतीच स्थानबद्ध होता. तेथे तो शेती करी आणि आसपासच्या रोग्यांना औषध देई. केवळ एका झाडाची शेती केल्याबद्दल इतकी शिक्षा भोगलेले वनस्पतिशास्त्रज्ञ फार नसतील.

१८/ दरम्यान युरोपातील प्रयोगशाळांत पानावरचा खटला नव्या भाषेत सुरू झाला. १८१९ मध्ये रुंगे याने कॉफीतून कॅफिन वेगळे केले. १८२७ मध्ये चहात ‘थेइन’ सापडले, आणि १८३८ मध्ये कळले की दोन्ही एकच. १८४३ मध्ये जॉन स्टेनहाउसने पाराग्वेच्या पानातही तेच द्रव्य दाखवले. तरी पुढे ‘मातेइन’ नावाचा कल्पित पदार्थ जाहिरातींत जन्मला : कॅफिनसारखा तरतरी देणारा, पण झोप न मोडणारा. असा वेगळा पदार्थ नाही. येर्बातील कॅफिन हे कॅफिनच आहे; सोबत थोडे थिओब्रोमिन आणि भरपूर क्लोरोजेनिक आम्ले असतात, एवढेच.

१९/ विज्ञान असे स्वच्छ होत असताना रानात काळ उलटा फिरला. १८६४ ते १८७० च्या युद्धात ब्राझील, अर्जेंटिना आणि उरुग्वे यांनी मिळून पाराग्वेचा चक्काचूर केला. पुरुषांची पिढीच्या पिढी संपली. कर्जात बुडालेल्या सरकारने १८८० च्या दशकात सरकारी जमिनी विकायला काढल्या, त्यांत येर्बाची रानेही होती. १८८६ मध्ये स्थापन झालेल्या ‘ला इंदुस्त्रियाल पाराग्वाया’ कंपनीकडे लाखो हेक्टर गेले. त्याआधीच, १ जानेवारी १८७१ च्या फर्मानाने, येर्बाच्या मजुराने मालकाच्या लेखी परवानगीवाचून काम सोडणे हा गुन्हा ठरला होता.

२०/ पद्धत साधी होती. गावात मजुराला आगाऊ रक्कम दिली जाई; ऊसतोडीच्या संदर्भात मराठीत जिला ‘उचल’ म्हणतात, तीच. ती दारूत आणि कपड्यालत्त्यात दोन दिवसांत उडे. मग रानात कंपनीच्याच दुकानातून, कंपनीच्याच भावाने धान्य. कर्ज फिटत नसे, वाढत असे. पळणाऱ्याच्या मागावर बंदूकधारी माणसे. या मजुरांना ‘मेन्सू’ म्हणत, ‘मासिक पगारी’ या अर्थाच्या शब्दाचा अपभ्रंश. नावात पगार होता.

२१/ तोडलेल्या फांद्यांच्या गाठोड्याला ‘राइदो’ म्हणत. पट्टा कपाळावर अडकवून ते पाठीवर वाहायचे; वजन बहुधा वाहणाऱ्याच्या स्वतःच्या वजनाहून अधिक. वाळवणीच्या कमानदार मांडवाला ‘बार्बाकुआ’ म्हणत. त्यावर धुरात आणि धगीत उभा राहून पाने उलथणारा कामगार तो ‘ऊरू’. या शब्दांपैकी एकही युरोपातील रासायनिक अहवालांत नसे.

२२/ ते छापून आणले राफाएल बार्रेत याने. हा १८७६ मध्ये जन्मलेला स्पॅनिश पत्रकार; १९०४ मध्ये पाराग्वेत आला. १९०८ मध्ये असुन्सिओनच्या एका दैनिकात त्याची लेखमाला आली, विषय येर्बाची राने. त्याने १८७१ च्या फर्मानापासून सुरुवात केली आणि या व्यवस्थेला तिच्या खऱ्या नावाने, गुलामगिरी म्हणून, संबोधले. कंपन्यांची नावेही घेतली. त्याच वर्षी लेखनापायी त्याला देश सोडावा लागला. १९१० मध्ये वयाच्या ३४ व्या वर्षी क्षयाने तो गेला. हा विषय पुढे ओरासियो किरोगाच्या कथेत आणि १९५२ मधील अर्जेंटिनाच्या एका गाजलेल्या चित्रपटात उतरला.

२३/ गंमत अशी की मेन्सूची सुटका लेखांपेक्षा बियाण्याने अधिक केली असावी. १८९० च्या दशकात ब्युनोस आयर्सच्या वनस्पतिउद्यानाचा संस्थापक कार्लोस थाइस याने बी गरम पाण्यात दीर्घकाळ भिजवून रुजवण्यात यश मिळवले. जेझुइट बागांची हरवलेली विद्या परत आली. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत अर्जेंटिनाच्या मिसिओनेस प्रांतात मळे उभे राहिले आणि रानातील येर्बाचे राज्य ओसरत गेले.

२४/ मग पिणाऱ्याच्या प्रकृतीचा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आला, आणि या वेळी आरोप गंभीर होता. माते पिणाऱ्या प्रदेशांत अन्ननलिकेच्या कर्करोगाचे प्रमाण ठळकपणे अधिक आढळत होते. १९९१ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ‘गरम माते पिणे’ हे ‘बहुधा कर्करोगकारक’, म्हणजे गट २-ए, ठरवले. त्याच अहवालात पानाविषयी स्वतंत्रपणे मात्र निष्कर्ष काढण्याइतका पुरावा नसल्याचे म्हटले होते. वर्तमानपत्री मथळ्यांत हा दुसरा भाग टिकत नाही.

२५/ २०१६ मध्ये दहा देशांतील २३ शास्त्रज्ञांनी पुरावा पुन्हा तपासला. निष्कर्ष : ६५ अंश सेल्सियसहून अधिक तापमानाला प्यायलेले कोणतेही पेय गट २-ए मध्ये; फार गरम नसलेले माते गट ३ मध्ये, म्हणजे कर्करोगकारक ठरवता येत नाही असे. नळीतून येणारे कढत पाणी घशाच्या आतल्या भागावर थेट पडते, अन्ननलिकेच्या अस्तराला पुन्हा पुन्हा भाजते. त्यात तंबाखू आणि मद्याची भर पडली की धोका आणखी वाढतो. गुन्हा बराचसा उष्णतेचा निघाला. कढत चहा बशीत ओतून फुंकर मारून पिणाऱ्या आजोबांची पद्धत या हिशेबात निर्दोष ठरते.

२६/ पान पूर्णपणे सुटले असे मात्र नाही. लाकडाच्या धुरावर वाळवलेल्या येर्बात बेंझोपायरीनसारखी, जळणातून येणारी, अपायकारक संयुगे सापडतात. म्हणून काही उत्पादक आता धुराशिवाय वाळवतात. पेल्यात उतरणाऱ्या त्या अंशांवर शोधनिबंध लिहिले गेले. बार्बाकुआवर रात्रभर तोच धूर छातीत भरून घेणारा ऊरू त्या निबंधांच्या कित्येक दशके आधी होऊन गेला.

२७/ बाकी हिशेब कॅफिनचा. एका तुंब्यात तीस ते पन्नास ग्रॅम पाने जातात आणि त्यावर तासन् तास पाणी ओतले जाते, त्यामुळे एकूण मात्रा कॉफीच्या दोन-तीन पेल्यांशी बरोबरी करू शकते. निरोगी प्रौढाला दिवसाला ४०० मिलिग्रॅम आणि गर्भवतीला २०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफिन चालते, असे युरोपीय अन्नसुरक्षा संस्था मानते. त्यापलीकडे निद्रानाश, धडधड हे नेहमीचे परिणाम. वजन घटते, आयुष्य वाढते असे जे दावे पाकिटांवर असतात, त्यांच्यामागचा पुरावा अजून तोकडा आहे. सतराव्या शतकात पानाला सैतानी ठरवणारे आणि आज त्याला अमृत ठरवणारे यांच्यात पुराव्याच्या बाबतीत फारसा फरक नाही.

२८/ पाराग्वेत उन्हाळ्यात हेच पान बर्फगार पाण्यात, औषधी मुळ्या कुटून घालून पितात. त्याला ‘तेरेरे’ म्हणतात. २०२० मध्ये युनेस्कोने त्या परंपरेला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. तिकडे सीरियात, दक्षिण अमेरिकेला जाऊन परतलेल्या स्थलांतरितांमुळे, माते घराघरांत पोहोचले आहे आणि अर्जेंटिनाच्या येर्बाचा तो देश दीर्घकाळ मोठा ग्राहक राहिला आहे. सैतानाचे पान आता सुपरमार्केटच्या फळीवर, डब्यात, थंड व गोड सोड्याच्या रूपातही मिळते.

२९/ मिसिओनेसमध्ये तोडणी अजूनही बऱ्याच अंशी हातानेच होते. तोडणाऱ्यांना आता ‘तारेफेरो’ म्हणतात. मजुरी तासावर नसते, तोडलेल्या पानांच्या वजनावर असते. कापडात बांधलेल्या त्या गाठोड्याचे नाव मात्र बदललेले नाही : राइदो.